बोलो आजवा

भाच्याने फोनवर पाठवली जगातली एकटी घरं.
नदीत मधोमध खडकावर टेकलेलं एक,
बेटावर एकच पांढरं, भोवती नुसतं गवत आणि वारा,
एक तर कड्याला असं लटकलेलं
की पोस्टमनला पंख लागावेत.
खाली लिहिलं होतं : आत्या, इथे राहायला हवं गं.

मी एकेक चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं.
दळण कुठून आणत असतील?
तापात कुणाला हाक मारत असतील?
धूर एकाही घरातून दिसत नाही,
म्हणजे फोटो काढणारा जेवून आलेला.

आमचंही असंच होतं.
बडोद्यापासून सात कोसांवर, आजव्याच्या पाळीवर
दोन खोल्या, एक फोन,
आणि समोर पलीकडचा काठ न दिसणारं पाणी.
दादांनी पट्टीवरचा आकडा वाचायचा
आणि शहराला सांगायचा.
उन्हाळ्यात दिवसातून एकदा,
श्रावणात तासातासाला.
"बोलो आजवा," पलीकडून आवाज येई.
दादा नाव सांगत नसत. तेच आजवा.
"दोनशे अकरा," ते म्हणत,
आणि तिकडे विश्वामित्रीकाठची माणसं
गाद्या माळ्यावर चढवायला लागत.

एकांत वगैरे कुणी म्हणत नव्हतं तेव्हा.
बदली म्हणत.
साहेबाला उलट बोललेल्याची बदली.

आईला बोलायला माणूस नव्हतं.
पायऱ्यांखाली उन्हात एक थोराड मगर पडलेली असे,
तिला तिने मामलेदार नाव ठेवलेलं.
"काय मामलेदार, झाली का जेवणं?"
मामलेदार एक डोळा मिटत.
"तुझ्या बापापेक्षा बरे," आई म्हणे,
"निदान ऐकल्याचं कळतं तरी."

सुमंतला घटसर्प झाला त्या रात्री
पाणी चढत होतं.
बारा. एक. दोन. तीन.
दादा भिजून येत, आकडा सांगत, फोन ठेवत.
आई सुमंतचं डोकं मांडीवर घेऊन
फोनकडे बघत बसलेली.
चार वाजता आकडा सांगून झाल्यावर
दादा पहिल्यांदाच फोन न ठेवता उभे राहिले.
मग म्हणाले, "साहेब, अजून एक आहे."

पहाटे जीप आली, ती दरवाजे बघायला.
मागे जागा होती म्हणून सुमंतला नेलं.

वाचला तो. न्यू जर्सीत असतो.
आजव्याचं नाव निघालं
की पाणी प्यायला उठतो.
पोराला त्याने यातलं काही सांगितलेलं नाही,
हे मला कळलं ते माझ्या पासष्टीला,
भाच्याचा फोन आला तेव्हा :
आत्या, बडोद्याजवळच एक सापडलं!
तुझ्यासाठी एक रात्र घेतलीय.

नऊ हजार. नाश्ता धरून.

भिंतींना राखाडी रंग, दाराशी पाटी : निवांत.
आकडा आता यंत्रच पाठवतं कुठेतरी.
फोन होता तिथे चौकोनी डाग असेल म्हणून पाहिलं,
तर नेमका तिथेच काचेत मगरीचा फोटो.
गादी इतकी मऊ की पाठीला जमीन सापडेना.
आईची चूल होती त्या कोपऱ्यात
आता एक दगड ठेवलाय, नुसता.
मी त्या पोराला विचारलं, हा कशाला?
तो म्हणाला, शांततेसाठी.

दोनला जाग आली.
साठ वर्षांनी, घड्याळ न बघता, दोनलाच.
बॅटरी घेतली, पायऱ्या उतरले,
मामलेदारांच्या जागेवर अंदाजाने पाय न देता.
पट्टी तीच होती. शेवाळ जास्त.
वाचून वर आले
आणि कुणाला सांगायचं ते कळेना
म्हणून मोठ्याने म्हटलं :
दोनशे दहा, पॉइंट चार.

ओट्यावर झोपलेला पोरगा धडपडत उठला.
"कंई जोईए छे, बेन?"
म्हटलं, लिहून घे.
त्याने खरंच पेन शोधलं.