बेस सोडायचा नाही

संत्र्याच्या फोडी आणणाऱ्यांची यादी समजून
मी सही केली, आणि एप्रिलमध्ये फोन आला:
अभिनंदन, तुम्ही बेसबॉलचे प्रशिक्षक झालात.
तेरा मुलं. वय पाच. काहींचं पावणेपाच.

रात्रपाळी सहाला सुटते.
ट्रॅक्टरांच्या चाकांना रात्रभर पिवळा मारून
नखांत तोच पिवळा घेऊन मी येतो
वॉटर्लूच्या नदीकाठच्या मैदानावर.
चुन्याची रेषा ओढता ओढता
उभ्या उभ्या डुलकी लागते, रेषा वाकडी जाते.
कुणाच्या लक्षात येत नाही.
पाच वर्षांच्या माणसाला रेषा म्हणजे
उडी मारायची गोष्ट.

इथे चेंडू कुणी टाकत नाही.
कमरेएवढ्या रबरी खुंटावर तो ठेवायचा
आणि मुलानं तो मारायचा, इतकंच.
चेंडू हलत नाही, वळत नाही, वाट बघतो,
तरी ओडेल चार वेळा हवेलाच मारतो,
पाचव्यांदा खुंट आडवा,
चेंडू टपकन त्याच्याच बुटापाशी,
आणि बाकावरच्या आया अशा टाळ्या पिटतात
की ओडेल भोकाड पसरतो.

थाडियसनं ग्लव्ह डोक्यावर घातलाय.
पो रे उजव्या कोपऱ्यात मांडी घालून
डँडेलियनच्या म्हाताऱ्या उडवत बसलाय.
चेंडू त्याच्या शेजारून जातो,
चेंडूमागून नऊ मुलं जातात,
मारणारीसुद्धा.
माझं मुख्य काम नाड्या बांधायचं.
एका सकाळी एक्केचाळीस.

धावफलक नाही. कुणी बाद नाही.
सगळे धावतात, सगळे घरी पोचतात,
नियमच तसा आहे.
फक्त एमिनाचे आजोबा, मुहारेम,
घडीच्या खुर्चीत वही उघडून काहीतरी मांडत असतात.
म्हटलं, काका, इथे धावा मोजत नाहीत.
म्हणाले, हा खेळ मला बोस्नियात कळला नाही,
इथे तीस वर्षांत कळला नाही.
मी टोप्या मोजतो.
गेल्या शनिवारी बावीस पडल्या, आज सतरा.
पोरं सुधारतायत.

डेक्स्टर, माझा मुलगा, याच मैदानावर खेळला.
म्हणजे खेळला असणार.
तेव्हा मी शनिवारचं जादा काम घ्यायचो, दीडपट पैसे.
रात्री जेवताना तो हातवारे करून सांगायचा
आणि मी मीठ मागायचो.
आता तो टल्साला लोकांची छपरं घालतो.
नाताळला फोन करतो, हवामानाचं बोलतो.

मे संपता संपता हिमेनाचा चेंडू
खरोखरच उडाला, खुंट उभाच राहिला.
हिमेना पळाली, पहिल्या बेसवर पोचली.
मी ओरडलो, शाबास! आता बेस सोडायचा नाही!
पुढचा चेंडू लागला, सगळे म्हणाले पळ, पळ,
तिनं माझ्याकडे पाहिलं,
वाकली,
पाटाएवढा तो रबरी बेस काखेत मारला
आणि दुसऱ्याकडे निघाली.
दुसराही उचलला. तिसराही.
हनुवटीपर्यंत बेस, समोरचं दिसत नाही,
टोपी पडली (मुहारेमनं पेन्सिल टेकवली)
तशी चाचपडत घरी आली
आणि सगळे माझ्या पायांशी ठेवून म्हणाली,
एकही सोडला नाही.

काय बोलणार? शब्द माझाच होता.

तिकडे ओडेल, जो तिच्या मागून पळाला होता,
पहिल्या बेसपाशी येऊन थबकला.
बेस नव्हता. बेसखाली दबून दबून
पिवळं पडलेलं चौकोनी गवत होतं.
कोच, थांबू कुठे?
तिथेच, मी म्हटलं. दिसतोय ना चौकोन? त्यावर.
ओडेल दोन्ही पाय जुळवून
त्या पिवळ्यावर उभा राहिला, ताठ,
एक नाडी सुटलेली.