पहिल्या भोंग्यापासून

मी वजनमापे खात्यातून निवृत्त झालो.
एकतीस वर्षं तराजूंच्या काट्यांवर डोळे रोखले,
दाणाबंदरात, लालबागच्या मिरचीगल्लीत
पोटातलं शिसं उकरलेली वजनं पकडली,
वीस ग्रॅमसाठी माणसांशी वैर घेतलं.

आणि आता समोर प्रमिलामामीची वही.
तुपाचे डाग पडून पानं आरपार दिसतात,
मागच्या पानावरचा धोब्याचा हिशेब
पुढच्या निनावात मिसळतो:
कणीक दोन वाट्या, चादरी चार.

निनाव. म्हणजे ज्याला नावच नाही.
त्याच्या मापाची तक्रार कुणाकडे करायची?

वाटी कुठली?
तिच्या घरात तीन होत्या. आमटीची, देवाची,
आणि एक पोचा आलेली,
जी कुणाच्याच पानाशी ठेवत नसत.
"आलं एका आण्याचं."
कुठल्या सालचा आणा?
दादरच्या भाजीवालीला विचारलं. ती म्हणाली,
काका, आण्याला मी आता सालपण देत नाय.
जायफळ "वास येईल इतपत".
कुणाला? मामाचं तर नाकाचं हाड वाढलेलं.
गूळ "लागेल तसा".
हा शब्द कायद्यात कुठेच नाही. मी शोधला.

एवढंही निभावलं असतं,
पण तळाशी, पेन्सिलीनं:
"पहिल्या भोंग्यापासून दुसऱ्या भोंग्यापर्यंत ढवळणे.
हात थांबवू नये."

कुठल्या गिरणीचा, तेही नाही.
घागांकडे गेलो. साचेखात्यात बावीस वर्षं काढलेला माणूस.
म्हणाले, पाव तास.
आतून त्यांची बायको म्हणाली, अर्धा.
पाव तुम्हाला वाटायचा,
मी डबा भरत असायचे.

त्यांच्या खिडकीतून आता काचेचे मजले दिसतात.
कशाचाच आवाज येत नाही तिकडून.

शनिवारी गॅस लावला.
स्टीलची वाटी घेतली, अंगठा आत ठेवून भरली,
जशी भरल्याबद्दल मी लोकांना दंड केला होता.
नारळाचं दूध ओतलं, गूळ लागला तसा.
खालच्या मजल्यावर तोडणकरांच्या मुलानं
तबला काढला.
तिरकिट चुकलं की तो पुन्हा पहिल्यापासून,
आणि मी ढवळतोय.
खांदा भरून आला. कडा सुटल्या,
तूप वर दिसायला लागलं,
तेवढ्यात त्याच्या आईची हाक: जेवायला ये.
तबला थांबला.

वर निखारे ठेवायचा भाग ओव्हनवर सोपवला.

मैथिलीनं तुकडा तोडला. म्हणाली, बुडाला लागलंय जरा.
मग दुसरा घेतला.
बाबा, कसं केलंत ते लिहून ठेवा.

नवी वही काढली, पट्टीनं रकाने आखले,
एक ग्रॅमचा, एक मिनिटांचा.
पहिल्यात लिहिलं:
कणीक दोन वाट्या, स्टीलची, अंगठा आत.
दुसरा रकाना बराच वेळ कोरा.
मग:
तोडणकरांचा मुलगा जेवायला उठेपर्यंत.

तो जूनमध्ये पुण्याला जातोय शिकायला.
तेही कंसात नोंदवलं.