बोटाला लागेल इतकी

रविवार कारंजाच्या मागे, जिन्याखालच्या गाळ्यात
माझं लेझरचं मशीन.
दिवसभर कीचेन, ट्रॉफ्या,
गंगापूर रोडच्या वाइनवाल्यांची पाइनची खोकी,
आणि जळक्या लाकडाचा वास,
दोनदा न्हाऊनही केसांतून न जाणारा.

गांगुर्डे आले ते खिशात भिंग घेऊन.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छत्तीस वर्षं
नोटांवरच्या रेघा तपासल्या त्यांनी.
सागाची फळी टेबलावर ठेवली.
नाव घालायचंय. सुभद्रा.
नुसतं सुभद्रा? आडनाव?
म्हणाले, आडनावाचा उपयोग नाही,
मजल्यावरची चारही दारं गांगुर्ड्यांचीच.

मी नेहमीची रेघ दिली, केसाएवढी.
त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ.
मग भिंग खिशात टाकलं, डोळे मिटले
आणि नावावरून अंगठा फिरवला.
दिसतंय छान.
लागत नाही.

बाईंचे डोळे शुगरनं नेले, दोन वर्षं झाली.
चार सारखी दारं, चार सारख्या कड्या.
परवा धाकट्या दिराच्या घरात शिरून
जावेवर ओरडल्या, दूध उतू घालवलंस म्हणून.
ब्रेल शिकायला त्या तयार नाहीत.
पण अक्षरं येतात,
पस्तिसाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात
पाटी फुटेस्तोवर गिरवलेली.

मग मी लेन्स चार मिलिमीटर वर घेतली.
किरण विस्कटला की रेघ जाड होते,
ही या धंद्यातली पहिली चूक
आणि पहिली युक्तीही तीच.
वेग उतरवला, दोनदा फिरवलं.
रेघ काळी, खोल, चांगली बोरूएवढी.
शनिवारी पाटी गेली,
सोमवारी परत.
ती विचारते, ही सुमद्रा कोण?

भच्या डोक्यावर एक फट असते,
सुस्काऱ्याएवढी.
जाड रेघेनं ती बुजवली, आणि भचा म झाला.
माझ्या डोळ्यांना ते दिसलंच नव्हतं.
मी वाचत होते ते नाव मला आधीच ठाऊक होतं.

गांगुर्डे म्हणाले, आमच्याकडे शाई वर उभी राहायची.
तुम्ही खाली खणताय.

म्हणजे अक्षर सोडून द्यायचं
आणि भोवतीची फळी जाळायची.
तीन तास चाललं ते, पंखा लावून, दार उघडं ठेवून.
पण काठानं जाताना किरण काठ खातो,
इकडून थोडा, तिकडून थोडा.
एक मिलिमीटरची रेघ जेमतेम पाऊण उरते
आणि पुसायला गेलं की फडक्याबरोबर निघते.
तेव्हा हिशेब बदलला.
हवी तेवढी नाही काढायची रेघ,
दोन्हीकडून जळून
मागे राहील तेवढी काढायची.

एका पट्टीवर सात भ केले,
बारीक ते जाड.
गांगुर्डे रोज संध्याकाळी बसनं शालिमारला उतरून
चालत यायचे. मी चहा सांगायचे.
मग दोघंही डोळे मिटून
भ चाचपत बसायचो.
समोरचा चपलावाला एकदा दुकान सोडून बघायला आला.

चौथ्या दिवशी अंगठा सहाव्यावर थांबला.
पुढे गेला, परत आला.
ही, म्हणाले.
भिंग काढलंच नाही त्यांनी.

पाटी लागली. पुढचं मला नीटसं माहीत नाही.
एवढंच की महिन्याभरानं धाकटी जाऊ आली,
आमच्याही दाराला करा म्हणाली,
तशीच. उठावाची.
तुम्हाला तर दिसतं, मी म्हटलं.
ती हसली नुसती.

परवा लाइट गेली भर कामात.
अंधारात मोबाइल शोधताना पट्टी हाताला लागली.
मोजले नाहीत,
तरी बोट सहाव्यावरच थांबलं.

सातवा जरा जास्तच जाड आहे.
फेकला नाही.
कुणाला तरी लागेल.