चिठ्ठ्या लिहिणारी

इनास मेस्त शवपेट्या करायचा, वल्हीही,
आणि उरलेल्या फणसाच्या फळ्यांतून
त्यानं केलेलं ते कपाट, बावीस खणांचं,
वेंगुर्ल्यात, मांडवीच्या उतारावर.

मी सातवीत. अक्षर बरं
म्हणून बोलावलं चिठ्ठ्या लिहायला.
मजुरी: दर चिठ्ठीला खाज्याची पुडी.

वागळी ओली असतानाच
तो तिचे पंख कातरायचा, दोऱ्यानं गळा आवळायचा,
नाकपुड्या डोळ्यांसारख्या दिसतील
एवढीच मान वाकवायचा
आणि ठेवायचा कौलांवर. मांजरं हाकायला मी.
चार उन्हांनी खाली उतरायचा एक म्हातारा,
हात नसलेला, कोणावर तरी चिडलेला.
मग काजूच्या टरफलाचं तेल.
त्या तेलानं इनासच्या बोटांची सालं
बारमास सुटलेली.
"लिही," म्हणायचा,
"निवतीच्या खडकांत गावलो. बुधवारी बोलता."
बुधवारीच का?
"रोज बोललो तर कोण इस्वास ठेयत?"

कागद चहाच्या पाण्यात बुडवून
चुलीवर धरायचा. कडा जळली की शंभर वर्षं झाली.

विकायचं मात्र काही नाही.
कुडाळचा डॉक्टर दोनशे रुपये मोजत होता
सोड्याच्या गोटीचे डोळे लावलेल्या नागासाठी.
"पैशे खरे आसत, डागतर," इनास म्हणाला,
"खऱ्याक खोटां कसां देऊ?"

खोट्याला खोटंच.
हर्णैला दाऊद सोलकर, जहाजावरून उतरलेला,
त्याच्याकडे दुसरं कपाट.
एसटीच्या टपावरून पेटी जायची,
रत्नागिरीला गाडी बदलून, भुशात गुंडाळून,
आणि महिन्याभरानं तीच पेटी परत:
भरतीआधी घाम येणारी वीट,
दोन तोंडांचा शंख,
मेणात बसवलेलं वादळाचं नख.
भाव पत्रात ठरायचे.
'तुमच्या विटेला माझा म्हातारा कमी पडतो,
वर एक शिंग धाडतो आहे.'
ही पत्रंही मीच लिहायची.
दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत.

एकदा रंधा मारता मारता म्हणाला,
"शंभर खोट्यांत एक खरां ठेवचां, मिठासारखां.
खंयचां तां कोणाक कळाक नको."
मला हसू आलं. सगळ्या चिठ्ठ्या माझ्या,
माझ्यापासून काय लपणार?

इनास गेला तो गेल्या शिमग्यात.
स्वतःची पेटी त्यानं आधीच करून ठेवली होती,
दोन बोटं आखूड निघाली.
गुडघे किंचित वाकवून ठेवला.

कपाट माझ्याकडे आलं. खण पुसत होते.
सतराव्यात कापसावर एक पांढरा खडा,
शिंपल्याच्या किसासारखा, एका बाजूला खाच.
'घोळीच्या डोक्यातला खडा.
वर कुठे, खाली कुठे, तिला याच्यामुळे कळतं.'
अक्षर माझंच.
फक्त ळ माझा नव्हता.
माझ्या ळचं दुसरं पोट बारीक असतं,
हा दोन्हीकडे सारखा,
कर्कटकानं काढल्यासारखा.

खालच्या खणात लाकडाच्या वखारीची बिलं,
पाठकोरी.
त्यांच्यावर ओळीच्या ओळी
ळ ळ ळ ळ,
सालं निघालेल्या बोटांनी गिरवलेले.

बाजारात लक्ष्मी तांडेलीण बसली होती.
तिला खडा दाखवला.
ती काही बोलली नाही. कोयत्यानं
एका घोळीचं डोकं फोडलं
आणि माझ्या तळहातावर ठेवले,
ओले, कोमट नाही गार नाही.
"दोन असतत गे. एक खंय ठेवलंस?"
आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं वजन करायला लागली.

आज हर्णैला पत्र घातलं पाहिजे.
दाऊदचाचा अजून आहेत की नाहीत, माहीत नाही.
कपाट असेलच.
विचारायचं एवढंच, की तुमच्याकडे
खरं म्हणून काय ठेवलंय.

पहिल्याच ओळीत घोळ आली,
आणि हात अडला.
ळ माझा काढू, का त्याचा?