डावा हात आधी

गळा साडेपंधरा, छाती चाळीस,
उजवी बाही तेहतीस, डावी अर्धा इंच कमी.
नाव : ऑर्विल टेनब्रुक.
माझ्याकडच्या कार्डावर एवढंच आहे.
बाकीचं तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल.

मी कपडेपटातली. एकतीस वर्षं
त्याच्या पाठीमागे उभी राहिले, हातात कोट धरून.
त्यामुळे चेहरा तुम्ही जास्त पाहिलात,
मानेवरचा घाम मी.

त्याला राजा केला मी तीनदा.
एकदा पोटाला कापूस बांधून,
एकदा नुसत्या घोंगडीत,
आणि पिट्सबर्गला, कंपनीचे पैसे संपले तेव्हा,
हॉटेलच्या खिडकीचा पडदा उतरवून.
पहिल्या रांगेतली बाई म्हणाली, काय ती मखमल!
आम्ही रात्री पडदा परत टांगला,
हळूच, पायांतले बूट काढून.

सिनेमात तो अकरा वेळा मेला.
विहिरीत, कोर्टात, पोकरच्या टेबलावर,
एकदा तर टपाल वाटता वाटता,
हातातलं शेवटचं पत्र बरोबर पेटीत टाकून.
बिशप झाला, घोडेचोर झाला,
तीन बायकांचा एक नवरा झाला,
आणि त्याच वर्षी बोस्टनच्या रंगमंचावर
एक मुका माणूस, ज्याला दोन अंक नुसतं बसायचं होतं.
बसण्याच्याही त्यानं तालमी केल्या.
केंटकीचा हेल उचलला एका ट्रकवाल्याकडून,
दोन कप कॉफी आणि ॲपल पायच्या बोलीवर.
मूळचा स्वतःचा, ॲक्रनच्या टायर कारखान्याशेजारचा,
तो फक्त चिडला की यायचा.
किंवा आईचा फोन आला की.

'हा माणूस ओळखूच येत नाही,' लिहिलं एका समीक्षकानं.
ते कात्रण त्यानं पाकिटात ठेवलं, घडी फाटेपर्यंत.
आणि कोपऱ्यावरच्या वाण्यानं ओळखलं नाही
की त्या दिवशी जेवायचा नाही नीट.

मी ओळखायचे.
एकाहत्तर साली युटामध्ये घोड्यानं पाडला त्याला,
डाव्या खांद्यावर.
घोडा निघून गेला, कॅमेरा फिरत राहिला,
तो तुकडा सिनेमात नाहीच.
खांद्यात मात्र राहिला.
तेव्हापासून झगा असो, चिलखत असो, कैद्याचा सदरा असो,
डावा हात आधी.
दिग्दर्शकांना कधी कळलं नाही. त्याला तरी कुठे माहीत होतं?

एकदा सिनसिनाटीला, दुपारच्या खेळाला,
पाय दुखत होते म्हणून थिएटरात शिरले.
पडद्यावर कोणी म्हातारा वकील, नाक वेगळं, आवाज वेगळा.
उठला, खुंटीवरचा कोट घेतला, आणि
मी ओरडलेच, अगं बाई, हा तर आपला!
शेजारच्यानं पॉपकॉर्न सांभाळत माझ्याकडे पाहिलं.

आता तो न्यू जर्सीत असतो,
जुन्या नटांसाठी बांधलेल्या एका घरात.
संवाद गेले. नावं गेली. मुलीला नर्स म्हणतो,
नर्सला वहिनी,
मला काहीच म्हणत नाही.
गेल्या नोव्हेंबरात त्याला व्हरांड्यात न्यायचं होतं.
ओटमीलचा वाडगा बाजूला केला,
स्वेटर उघडून धरला त्याच्या पाठीमागे,
सवयीनं, बोलले काहीच नाही.

पाठ ताठ झाली.
मागे न बघता
डावा हात आला.

बाही अर्धी चढली, तेव्हा हलक्या आवाजात,
विंगेत विचारतात तसं त्यानं विचारलं :
'आज कोण आहे मी?'

माझ्याकडे उत्तरं खूप होती.
पोस्टमन चालला असता. राजासुद्धा.
म्हटलं, आज सुट्टी.
'सोमवार?'
हो, सोमवार. नाटक नाही.
'मग सावकाश,' तो म्हणाला,
आणि उजवी बाही तशीच लोंबत ठेवून
झाडांकडे बघत बसला.

गुरुवार होता.
स्वेटरचं तिसरं बटण सैल झालं होतं.
सुई-दोरा पर्समध्ये असतोच माझ्या.
त्याच्या अंगावरच टाचलं,
दोरा दातानं तोडला.