तीन वाट्या वाळू

बत्तीस वर्षं उद्यमबागेत मोल्डर होतो.
वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची,
बोटांचे ठसे राहिले तर पास.
लॅबचा पोरगा मीटर घेऊन यायच्या आत
मी सांगायचो, पाणी अर्धा टक्का जास्त आहे.

रिटायर झालो आणि टाकी घेतली, खाऱ्या पाण्याची, तीन फुटी.
बेळगावात समुद्र नाही,
चोर्ला उतरल्याशिवाय तो भेटत नाही.
रुक्मव्वा म्हणाली, "हे काय खूळ काढलंसा?"

मुजावरच्या दुकानाची पाटी कानडीत, भाव मराठीत,
माशांची नावं दोन्हीत नाहीत.
मी म्हटलं, वाळू नको, माझ्याकडं ट्रकभर मिळंल.
"मामा, तुमच्या वाळूत लोखंड.
प्रवाळ मरतंय त्यानं. घरात व्हिनेगर हाय न्हवं? घालून बघा की."

रात्री ओट्यावर तीन वाट्या.
एकीत फाउंड्रीची, काळी, अजून कोळशाचा वास धरून;
चुंबक फिरवला तर त्याला दाढी फुटली.
एकीत मलप्रभेची, खानापूरच्या पुलाखालची.
एकीत मुजावरनं दिलेली, पांढरी, मूठभर, फुकट.

पहिली गप्प.
नदीची पण गप्प. तिची मला आशा होती.
तिसरी चुरचुरली, फेसाळली,
मी कान लावला वाटीला.
घरं होती ही कुणाकुणाची,
शिंपल्यांची, प्रवाळांची, झिजून वाळू झालेली,
आंबट लागलं की अजून
स्वतः विरघळून पाणी सांभाळणारी.
मुठीत दाबली. ठसा धरला नाही.

काही लोक तळ उघडाच ठेवतात म्हणे, साफ करायला सोपं.
मला बघवेना.
रिकामी मोल्डिंगपेटी म्हणजे शिफ्ट बुडाली.
मुजावर म्हणाला दीड इंच पुरे, जास्त घातली तर तळाला काळी पडून नासते.
पण मला वाळूत झोपणारा तो पिवळा मासा हवा होता.
तीन घातली.

अकरा पाण्यांनी धुऊनही
टाकी दोन दिवस ताकासारखी.
"आता कढी करूया की," रुक्मव्वा.

दिवा मालवला की तो तिरका सूर मारतो, वाळूत जातो.
सकाळी कंपनीच्या भोंग्याला बाहेर.
पॅटर्न उपसताना मी श्वास धरायचो,
कड ढासळली की अख्खा साचा वाया.
हा निघतो, आणि त्याच्यामागं
त्याचा आकार लगेच ढासळतो.

ढासळू दे.
पाण्यातलं मीठ तेवढं आज मोजायचं राहिलंय.