अठरा ग्रॅम

फेब्रुवारीतच पत्रा तापलाय.
दत्तनगरच्या बोळात सकाळी सातला
तिसऱ्या घरातला माग सुरू होतो
आणि माझ्या ओट्यावरचा काटा
शून्यावर टिकत नाही.
०.१, ०.०, पुन्हा ०.१.
तो खडखडाट मोजतोय, बिया नाही.

यंत्र घेऊन चार महिने झाले.
पुण्यातल्या बंद पडलेल्या कॅफेचं, सेकंडहँड,
जुन्या चादरीत गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आलं.
दळायचं कशावर, तेवढं ठरत नाही.

हातानं फिरवायचा आहे एक,
बँकेतल्या राजेशमचा, उसना.
दिसायला मीठदाणी, किंमत चौदा हजार.
तळाशी चकती, तिला टिका.
एक टिक इकडे, तर कॉफी बारा सेकंदांत
धो धो, आंबट, पाण्यासारखी.
एक टिक तिकडे, तर यंत्राचा श्वास कोंडतो,
थेंब,
थेंब, मग नुसतं गुरगुरणं.
बिया कमी भाजलेल्या असल्या की
शंभरेक फेरे, पोटाशी धरून, ओठ आवळून,
कामावर जायच्या साडीला घाम.

विजेचा नव्या पेठेत, काचेआड.
हत्तुरेंचा मुलगा म्हणतो,
"कशाला हात दुखवून घ्यालाव मॅडम?
बटण दाबा, सहा सेकंद, झालं की ओ."
अडतीस हजार.
शिवाय त्याच्या नळीत कालची चिमूटभर अडकून राहते
आणि आज सगळ्यात आधी तीच बाहेर पडते,
शिळी,
आमच्या ऑफिसातल्या भांडणांसारखी.

मी वहीत दोन रकाने आखले.
"लाइट गेली तर" असं हाताच्या बाजूला लिहिलं
आणि खोडलं.
लाइट गेल्यावर ते यंत्र काय चुलीवर चालणार?
"आवाज" असं विजेच्या विरुद्ध लिहिलं,
नायना झोपलेले असतात.
तेही खोडलं.
एकतीस वर्षं रात्रपाळीत माग चालवून
त्यांचे दोन्ही कान गेलेत.
फटाके ते फक्त बघतात.
मग "मनगट" लिहिलं आणि पेन थांबलं.
अम्मा दिवसाला हजार विड्या वळायची.
पुढे पुढे चहाचा पेला तिच्या हातात हलायचा,
ती म्हणायची, पेल्यालाच सवय आहे.
हे कुठल्या रकान्यात घालू?

रविवारी नायना उठून आले
आणि न विचारता तो नळा माझ्याकडून घेतला.
लुंगी सावरून पाटावर बसले,
गुडघ्यांत धरून फिरवू लागले, डोळे मिटून,
तळव्यानं ऐकत.
दहाव्या फेऱ्याला थांबले.
"आस वाकडाय. एका अंगाला घासालंय."
चौदा हजारांत! राजेशमला हे कधी कळलं नव्हतं,
मी तर चार महिने खापर
नळाच्या पाण्यावर फोडत होते.
त्यांनी नळा उघडला,
कॅलेंडरचा कपटा फाडला, तारीख न बघता,
जिभेनं ओला करून आत कुठेतरी सरकवला.
पुन्हा फेरे.
बिया कुरकुरल्या, मग कमी, मग दांडा
एकदम हलका झाला.

मी भुकटी चिमटीत चोळून
ओठ मोठे हलवत विचारलं,
"इंका सन्नम्?" अजून बारीक?
ते म्हणाले, "चालु."

आमच्या घरच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे.
बोळाच्या तोंडापासून पुढे
चालू म्हणजे चालू.
यंत्राच्या बटणावर बोट ठेवून मी उभी,
मला दोन्ही ऐकू आलं.
दाबलं.

एकोणतीस सेकंद.
वर मधासारखा तांबूस थर, जाड,
मी बघतच राहिले.
नायनांनी त्यात तीन चमचे साखर घातली,
अर्धा पेला दूध ओतून घेतलं,
मिशा पुसल्या
आणि वहीवर बोट ठेवून विचारलं,
"ते विजेचं कितीला लिहिलंयस?"